लोखंडाआधीची रंगीत तालीम

डिचोली तालुक्यातील मुळगावच्या डोंगरातले लोहखनिज समुद्रापर्यंत पोहोचते ते नदीच्या पाठीवरून. खाणीवरून ट्रक, ट्रकातून मांडवीचा धक्का, धक्क्यावरून बार्ज आणि बार्जमधून मुरगाव बंदरातले मोठे जहाज, असा त्याचा ठरलेला मार्ग. विसाव्या शतकाच्या मध्यास जपानातून ह्या खनिजाला मागणी वाढली, तशी बार्जची गरजही वाढली. पोर्तुगीज अमदानीतच, १९५७ साली, वास्को येथे बार्ज बांधण्याचा एक कारखाना निघाला. गोवामुक्तीनंतर तो काही काळ मुंबईच्या माझगाव डॉककडे चालवावयास होता. १९६७ पासून गोवा शिपयार्ड म्हणून तो स्वतंत्र झाला. खनिजाच्या बार्जपासून सुरुवात केलेल्या त्या आवारात आज युद्धनौका बांधल्या जातात.

मधल्या काळात पोलाद कापण्याची व जोडण्याची रीत बदलली, हे कोणालाही दिसते. त्याहून मोठा बदल मात्र पाहुण्याच्या नजरेस पडत नाही, कारण तो पोलाद आवारात येण्यापूर्वीच घडून गेलेला असतो. जहाज आधी संगणकात बांधले जाते. त्याच्या तक्तपोशीवरून माणसे फिरतात, त्याच्या यंत्रदालनात वाकून पाहतात, नळ कोठे अडतो ते सांगतात, आणि हे सर्व होत असताना प्रत्यक्ष जहाजाचा एक खिळाही अस्तित्वात नसतो.

पेडणे-डिचोलीच्या गावांतून जत्रेच्या नाटकाची रंगीत तालीम ठाऊक नाही असा मनुष्य विरळाच. पोशाख खरा, रंग खरा, पेटीतबला खरा; समोर प्रेक्षक तेवढे नाहीत. पडदा अडकला तर आजच अडकावा, तलवार म्यानातून निघाली नाही तर आजच निघू नये, एवढ्यासाठी तो खटाटोप असतो. इंग्रजीत ज्याला सिम्युलेशन म्हणतात आणि मराठी परिभाषेत ज्याला सदृशीकरण असे जड नाव मिळाले आहे, ती कारखान्याची रंगीत तालीमच होय. आभासी वास्तव, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, हा तिचा अगदी अलीकडचा रंगमंच. तालमीची कल्पना मात्र फार जुनी आहे.

जुना जहाजबांधणारा सुतार पठाण, म्हणजे तळाचा कणा, आधी घाली, आणि वांक कोठे किती वळवावयाचा हे बहुधा त्याच्या डोळ्यांत असे. जेथे आराखडा काढीत, तेथेही तो कागदावर संपत नसे. मोठ्या लाकडी जमिनीवर जहाजाच्या रेषा पूर्ण मापाने आखीत, आणि त्या रेषांवरून फळ्यांचे साचे कापीत. कागदावर लपलेली चूक जमिनीवर हातभर मोठी होऊन समोर येई. पण ह्या आखणीने आकार कळे, वागणूक कळत नसे. जहाज वाऱ्याने किती कलेल, लाटेत कसे चालेल, हे पाण्यात उतरल्यावरच समजावयाचे.

त्याची किंमत किती पडते ते स्वीडनने पाहिले. १६२८ साली स्टॉकहोम येथे ‘वासा’ नावाची राजाची मोठी युद्धनौका तयार झाली. निघण्यापूर्वी तिची परीक्षा घेण्यात आली. तीस माणसांनी तक्तपोशीवर एका बाजूहून दुसऱ्या बाजूस धावावयाचे आणि नौका किती डोलते ते पाहावयाचे. तीन फेऱ्यांतच ती इतकी डोलू लागली की परीक्षा थांबवावी लागली. थांबविली ती परीक्षा, जहाज नव्हे. राजाला घाई होती, आणि बांधून झालेल्या जहाजाची रुंदी वाढविता येत नाही. १० ऑगस्ट १६२८ रोजी वासा निघाली आणि दीड किलोमीटरही न जाता बंदरातच बुडाली. परीक्षा चांगलीच होती, पण ती फार उशिरा घेतली गेली.

परीक्षा लवकर घेण्याची शास्त्रीय रीत इंग्लंडातील विल्यम फ्रूड ह्या अभियंत्याने घालून दिली. जहाजाचा लहान नमुना पाण्यातून ओढावा आणि त्यावरून मोठ्या जहाजाचा अंदाज बांधावा, ही कल्पना त्याच्याही आधीची. पण ते अंदाज चुकत, म्हणून जाणते लोक त्यांना हसत. फ्रूडने तीन, सहा व बारा फुटांचे नमुने करून डार्ट नदीत ओढून पाहिले आणि चूक कोठे होते ते दाखविले. नमुना लहान केला तरी समुद्र त्याच्याबरोबर लहान होत नाही. म्हणून वेगही हिशेबाने कमी करावा लागतो. नमुना लांबीने पंचविसावा हिस्सा असेल, तर त्याचा वेग पाचवा हिस्सा ठेवावा. म्हणजे त्याच्यामागे उठणाऱ्या लाटा खऱ्या जहाजाच्या लाटांसारख्याच उठतात. पाण्याचे घर्षण मात्र ह्या नियमाला जुमानत नाही. त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. १८७२ पासून टॉर्की येथील आपल्या हौदात त्याने ब्रिटिश नौदलासाठी असे प्रयोग केले. पुण्याजवळ खडकवासल्याच्या जल व विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या व बंदरांच्या प्रतिकृती मांडून पाणी सोडतात, त्या कामाचे कूळही हेच. १९१६ साली स्थापन झालेल्या ह्या केंद्रात मोठ्या नद्या पटांगणावर मांडलेल्या असतात.

फ्रूडच्या नियमातील मर्म नीट ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सोंग हुबेहूब असणे पुरेसे नाही; सोंग आणि खरे ह्यांत कोठे फरक पडतो हे आधी माहीत असले पाहिजे. पुढील सर्व इतिहास ह्याच एका गोष्टीभोवती फिरतो.

संगणक आला तेव्हा नमुना लाकडाचाच असला पाहिजे ही अट गेली. १९४६ साली स्टॅनिस्लाव्ह उलाम हा गणिती आजारातून उठताना पत्त्यांचा एकट्याने खेळावयाचा डाव मांडीत होता. डाव सुटण्याचा संभव किती, हे गणिताने काढणे अवघड. त्यापेक्षा शंभर डाव खेळून किती सुटले ते मोजणे सोपे, असे त्याच्या मनात आले. त्याने व जॉन फॉन नॉयमन ह्याने ही युक्ती त्या वेळच्या नव्या गणकयंत्रासाठी उपयोगात आणली, आणि जुगाराच्या प्रसिद्ध गावावरून तिला मॉन्टे कार्लो हे नाव पडले. ही युक्ती अणुबाँबच्या कामातून निघाली, पण कारखान्यात तिने अधिक शांत संसार थाटला. शेफील्डच्या युनायटेड स्टील कंपनीत कीथ टोचर ह्याने पोलादाच्या कारखान्याचे कामकाजच गणकयंत्रात चालवून पाहिले. १९६३ साली प्रसिद्ध झालेले त्याचे पुस्तक ह्या विषयावरील आरंभीच्या ग्रंथांपैकी होय.

टोचरने काय केले हे समजण्यास शेफील्डला जाण्याची गरज नाही; मुळगावचे खनिज पुरेसे आहे. ट्रक अमुक मिनिटांनी येतात असे म्हणावे, तर ते कधीच तसे येत नाहीत. कधी तीन एकदम येतात, कधी घाटात एक अडला की तासभर एकही येत नाही. धक्क्यावर बार्ज लागलेला असतो किंवा नसतो. भरती आहे तोवर निघाला तर निघाला, नाही तर पुढच्या भरतीची वाट. पावसाळ्यात आग्वादची वाळूची दांडी ओलांडता येत नाही, म्हणून कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीला वळसा. आता प्रश्न असा की खर्च करावयाचा झाल्यास दुसरा धक्का बांधावा, दोन बार्ज घ्यावे, की ट्रक वाढवावे? सरासरी काढून ह्याचे उत्तर मिळत नाही, कारण तोटा सरासरीत नसतो, खोळंब्यात असतो. अशा वेळी संगणकात एक खोटे वर्ष चालवितात. प्रत्येक ट्रकाच्या येण्याला, प्रत्येक बिघाडाला फासा टाकल्याप्रमाणे यादृच्छिक आकडा देतात, भरतीओहोटी पंचांगातून घेतात, आणि कोठे किती रांग लागली ते मोजतात. मग धक्का वाढवून तेच वर्ष पुन्हा, बार्ज वाढवून पुन्हा. अशी शंभर वर्षे एका दुपारी संपतात. पुष्कळदा असे आढळते की ज्या जागेवर सर्वांचा रोष असतो ती जागा निर्दोष असते, आणि खोळंबा भलतीकडेच जन्म घेतो. मोटारीच्या कारखान्यातील जोडणीची रांग असो की कापडाची गिरणी, रीत हीच.

तथापि ही तालीम आकड्यांची होती. ती पाहण्यास आकडे वाचता येणारा माणूस लागे. डोळ्यांनी पाहता येईल अशी तालीम अमेरिकेतील आयव्हन सदरलंड ह्याच्यापासून सुरू होते. १९६३ साली त्याने पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने आकृती काढण्याची रीत दाखविली, आणि १९६८ साली डोक्यावर बसवावयाचे असे यंत्र केले की मान वळविली तर डोळ्यांपुढील चित्रही वळे. ते यंत्र इतके जड होते की छताला टांगावे लागे. चित्र काय, तर रेषांचा एक घन. पण त्या घनाभोवती माणूस फिरू शकत होता. चित्राच्या आत शिरण्याची वाट तेथे उघडली.

कारखान्याने ही वाट धरण्यास वीस-बावीस वर्षे घेतली. विमानात तारांचे जाडजूड जुडगे असतात, आणि ते जुळविताना कामगाराला मोठ्या फळीवर प्रत्येक तारेचा मार्ग शोधावा लागतो. बोइंग कंपनीतील टॉम कॉडेल व डेव्हिड मिझेल ह्यांनी १९९२ च्या सुमारास असा विचार मांडला की डोळ्यांपुढील काचेवरच तो मार्ग उमटवावा, म्हणजे फळी कोरी ठेवता येईल. खऱ्यावर खोट्याची अशी कलम करण्याला त्यांनी ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ हे नाव दिले. त्याच कंपनीचे ‘७७७’ हे विमान १२ जून १९९४ रोजी प्रथम उडाले. ते संपूर्णपणे संगणकावर रेखाटलेले होते. विमानाचा पूर्णाकृती नमुना उभारून भाग बसतात की नाही ते पाहण्याची जुनी चाल त्या वेळी सोडण्यात आली.

जहाजाला ह्या सोयीची गरज विमानाहून कमी नाही. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झालेली ‘नीलगिरी’ व तिच्या भगिनी ह्या नौका ठोकळ्याठोकळ्यांनी बांधण्याच्या पद्धतीच्या आहेत. प्रत्येक ठोकळ्यात नळ, तारा, यंत्रांच्या बैठका आधीच बसवितात आणि मग ठोकळे जोडतात. घर बांधून झाल्यावर नळ टाकावा, तशी पूर्वीची रीत होती. आता भिंत येतानाच नळ घेऊन येते. साहजिकच शेजारच्या भिंतीतील नळ तिच्या नळासमोर आला पाहिजे. तो चार बोटे सरकला तर पोलाद पुन्हा कापणे आले, आणि कापलेले पोलाद पूर्ववत होत नाही. भारतीय नौदलाच्या संकल्पन विभागाने २०२१ साली दिल्लीत आभासी वास्तवाचे केंद्र उघडले ते ह्याच कारणास्तव.

अशा दालनात काय घडते? डोळ्यांवर पेटी चढवून माणूस न बांधलेल्या नौकेच्या अरुंद वाटेतून चालू लागतो. झडप फिरविण्यास हात पुढे करतो. हात पोहोचतो की मध्ये तारांची पन्हळ येते? पंप बिघडला तर तो दरवाजातून बाहेर निघेल का? वितळजोड करणाऱ्याला त्या कोपऱ्यात डोके घालता येईल का? हे प्रश्न नकाशावरही विचारता आले असते. पण नकाशा ही थोड्या लोकांची भाषा आहे. जो वितळजोड करतो, जो पुढे वीस वर्षे ती झडप फिरविणार, त्यांपैकी अनेकांना ती भाषा येत नाही, आणि म्हणून पोलाद कापले जाईपर्यंत त्यांचे मत कोणी विचारीत नसे. नंतर ते बोलत, आणि त्या बोलण्याला कुरकुर म्हणत. आभासी वास्तवाचे खरे महत्त्व चित्राच्या झगमगाटात नाही. कुरकुर करणाऱ्याला ते वेळेवर बोलावू शकते, ह्यात आहे. बोलावतात की नाही, हा अर्थात कारखान्याच्या नीयतीचा प्रश्न. दालन बांधून फक्त साहेबांनाच फिरवून आणले, तर पैसा खर्च झाला एवढेच.

आणि जे पोटात घातले नाही ते सोंगातून बाहेर येत नाही. युरोपातील एअरबस कंपनीचे ‘ए-३८०’ हे प्रचंड विमान २००५ साली उडाले. पण २००६ साली त्याची जोडणी अडून बसली. विमानातील शेकडो किलोमीटर तारांचे जुडगे जर्मनीतून येत आणि फ्रान्समध्ये बसवावयास गेल्यास आखूड पडत. दोन्ही ठिकाणी संगणकाची प्रणाली एकाच घराण्याची, पण आवृत्ती निरनिराळी. एकाने केलेला फेरबदल दुसऱ्याच्या चित्रात बरोबर उतरला नाही. दोन्ही पडद्यांवर विमान निर्दोष दिसत होते. विमाने दोन वर्षांच्या आसपास उशिरा पोहोचली. वासाच्या तक्तपोशीवर निदान धावणाऱ्या माणसांच्या पायांना धोका जाणवला होता. येथे तोही जाणवला नाही.

म्हणूनच शहाणे लोक एका तालमीवर थांबत नाहीत. पडद्यावरच्या तालमीनंतर जमिनीवरची तालीम घेतात. हिचे दोन नमुने गोव्याच्या कारखान्याशी निगडित आहेत. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी ह्या नौदलाच्या तळावर गोवा शिपयार्डने नौकेचा एक पोलादी भाग बांधून दिला आहे. तो समुद्रावर असल्याप्रमाणे हेलकावे खातो, भोकांतून पाणी आत घुसते, आणि खलाशांना ते कमरेपर्यंतच्या पाण्यात उभे राहून बंद करावे लागते. दाबोळीच्या आयएनएस हंसा ह्या तळावर त्याच कारखान्याने विमानवाहू नौकेच्या तक्तपोशीसारखी धावपट्टी उभारली, पुढचे टोक वर उचललेली. समुद्र नाही, लाट नाही. पण टोकावरून विमानाने झेप घ्यावयाची ती नौकेवरच्यासारखीच. २० डिसेंबर २०१४ रोजी तेजस विमानाच्या नाविक आवृत्तीने तेथून पहिली झेप घेतली. वैमानिक होते कमोडोर जयदीप मावळणकर. त्या उड्डाणाआधी ही झेप गणितात किती तरी वेळा घेतली गेली होती. तरी खऱ्या नौकेवर, विक्रमादित्यावर, ह्याच आवृत्तीचे विमान हेच वैमानिक घेऊन उतरले ते ११ जानेवारी २०२० रोजी. जमिनीवरील नौका आणि पाण्यावरील नौका ह्यांच्यात पाच वर्षांचे अंतर होते.

ह्या सर्व पार्श्वभूमीवर मांडवीकाठच्या जहाजबांधणीतील सर्वांत ताजी कहाणी थोडी उलट्या दिशेने जाते. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर ह्यांच्या कारखान्याने २००९ साली ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली होती. तिच्यातूनच कमांडर दिलीप दोंदे ह्यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. नौकेचा आराखडा हॉलंडातून आलेला होता. बांधणारे हात येथले. पुढे दांडेकरांच्याच होडी इनोव्हेशन्स ह्या कंपनीकडे केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाने आणि नौदलाने जे काम दिले, त्याला आराखडाच नव्हता. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात पाचव्या शतकातील एक जहाज रंगविलेले आहे. तसे जहाज बांधावयाचे, तेही खिळ्यांनी नव्हे, तर फळ्या काथ्याने एकमेकींस शिवून.

चित्रातील जहाजाला लांबी आहे, उंची आहे, रुंदी नाही. चित्रकाराला ते पोहावयास लावावयाचे नव्हते. जुन्या गोव्याच्या संग्रहालयातील कदंबकालीन वीरगळांवरही नौका आहेत, पण त्यांवरूनही सुताराला माप मिळत नाही. तेव्हा आकार तर्काने बसवावा लागला. मद्रासच्या आयआयटीतील सागरी अभियांत्रिकी विभागाच्या साहाय्याने पाण्यातील वागणुकीच्या नमुना-परीक्षा झाल्या, डोलकाठीचे बळ नौदलाने स्वतः तपासले. पंधराशे वर्षांपूर्वीचे जहाज अशा रीतीने आधी तालमीत उतरले, आणि १२ सप्टेंबर २०२३ रोजी त्याची पठाण घातली गेली.

टाके घालणारे हात मात्र केरळातून आणावे लागले. बाबू शंकरन ह्या कारागिराच्या हाताखाली त्यांनी हजारो सांधे काथ्या, नारळाचे तंतू व नैसर्गिक राळ वापरून शिवून काढले. पोलादाच्या जोडाचे बळ कोष्टकात पाहता येते. हाताने ओढलेल्या टाक्याचे बळ ओढणाऱ्यावर, काथ्याच्या पिळावर आणि पाणी पिऊन तो किती आवळतो ह्यावर अवलंबून असते. हे ज्ञान बाबू शंकरन ह्यांच्या बोटांत होते आणि दुसरीकडे कोठे शोधावे हे सांगणे कठीण होते. संगणकाला ते द्यावयाचे, तर आधी त्या बोटांनी काम केले पाहिजे आणि कोणी तरी ते शेजारी बसून मोजले पाहिजे. केरळातील असे कारागीर थोडे आहेत.

सुमारे वीस मीटर लांबीची ही नौका फेब्रुवारी २०२५ मध्ये पाण्यात उतरली. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ती नौदलात दाखल झाली आणि आग्नेय आशियात गेलेल्या प्राचीन नाविकावरून तिला ‘कौंडिण्य’ हे नाव मिळाले. तिला इंजिन नाही. चौकोनी शिडे आहेत, आणि आजच्यासारख्या सुकाणूऐवजी मागे मोठी वल्ही. २९ डिसेंबर २०२५ रोजी ती पोरबंदरहून मस्कतकडे निघाली. हौदातील नमुन्याला वाऱ्याची वाट पाहावी लागली नव्हती आणि रात्रीच्या लाटेत त्याच्या शिवणी चाचपून पाहणारे खलाशीही त्याच्यावर नव्हते. सतराव्या दिवशी, १४ जानेवारी २०२६ रोजी, कौंडिण्य मस्कतच्या बंदरात शिरली.